ग्रुप पॉलिसी काही मशीनवर लागते, काहींवर नाही: तीच तक्रार परत परत का येते

सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी (मशीन आणि यूजरसाठी एका जागेवरून ठरवलेले नियम) बनवली, ओयूला (मशीन आणि यूजरची खाती विभागवार ठेवायच्या गटाला) जोडली, दोन-तीन मशीनवर तपासली, सगळं व्यवस्थित. थोड्याच दिवसांत अकाउंट्समधून फोन येतो की आमच्याकडे पेन ड्राइव्ह अजून चालतोय. तिथे जाऊन जीपीअपडेट /फोर्स, म्हणजे पॉलिसी ताबडतोब मागवणारी आज्ञा, चालवली की पॉलिसी लागते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फोन, कधी त्याच टेबलावरून, कधी शेजारच्या. ज्या ऑफिसात विंडोज सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर आणि मशीनच्या खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) आणि एखाद-दुसरी शाखा आहे, तिथल्या सिस्टीम ॲडमिनला हे चक्र ओळखीचं असेल.

माझं म्हणणं असं, की जीपीअपडेट /फोर्स हा या दुखण्यावरचा इलाज नाही. उलट त्याने लक्षण झाकलं जातं. डोमेनला, म्हणजे त्या नोंदवहीखालच्या नेटवर्कला, जोडलेलं मशीन चालू असताना दर ९० मिनिटांनी, त्यात ० ते ३० मिनिटांची भर घालून, पॉलिसी मागायला आपणहून जातं. डोमेन कंट्रोलर, म्हणजे ही नोंदवही सांभाळणारा सर्व्हर, दर ५ मिनिटांनी जातो. सुरक्षेच्या सेटिंग्ज तर काहीही बदललेलं नसलं तरी १६ तासांनी नव्याने बसवल्या जातात. इतकी सोय असताना एखाद्या मशीनला दर वेळी हाताने ढकलावं लागत असेल, तर पॉलिसी बरोबर आहे की चूक हा प्रश्न नंतरचा. मशीनला सर्व्हरपर्यंतची वाट का सापडत नाही, हे आधी बघायला हवं. त्यासाठी फोर्स मारण्यापूर्वी पुरावा गोळा करा, कारण तो मारल्यावर पुरावा पुसला जातो.

आधी मशीनला बोलतं करा

तक्रार आलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि जीपीरिझल्ट /एच असं लिहून पुढे फाइलचं नाव द्या. ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल तयार होतो. साध्या यूजरच्या प्रॉम्प्टवर फक्त यूजरचा भाग दिसतो, कॉम्प्युटरचा दिसत नाही. आणि प्रॉम्प्ट तुमच्या ॲडमिन खात्याने उघडला असेल तर यूजरचा भाग तुमचा येईल, तिथे रोज बसणाऱ्या मॅडमचा नाही. तुम्ही त्या मशीनवर कधी लॉगिनच केलेलं नसेल तर ‘आरएसओपी डेटा नाही’ (लागू पॉलिसींची नोंद नाही) असा निरोप येतो. तो बिघाड नव्हे. /यूजर लावून पुढे मॅडमचं खातं द्या.

या अहवालातून चारपैकी एक उत्तर मिळतं आणि पुढची दिशा त्यावरच ठरते. पॉलिसी शेवटची आल्याची तारीख जुनी असेल, तर वाट बंद आहे: डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), नेटवर्क, घड्याळ. तारीख ताजी आहे पण तुमच्या पॉलिसीचं नाव कुठेच नाही, तर मशीन किंवा यूजर तुम्हाला वाटतं त्या ओयूमध्ये नाही. नाव नाकारलेल्या यादीत आहे, तर शेजारी कारणही लिहिलेलं असतं: परवानगी नाही, डब्ल्यूएमआय फिल्टरमध्ये (मशीनची माहिती तपासणाऱ्या अटीत) बसत नाही, किंवा पॉलिसीचा तो भाग रिकामा आहे. आणि नाव लागलेल्या यादीत असूनही परिणाम दिसत नसेल, तर दुसरी एखादी पॉलिसी तिच्यावर मात करतेय. आधी लोकल, मग साइट, मग डोमेन, मग ओयू हा क्रम विंडोज २००० पासून तोच आहे. शेवटी येणारी जिंकते. वरच्या कुणी ‘एन्फोर्स्ड’ (खालच्यांना मात करू न देणारी खूण) लावलं असेल तेवढा अपवाद. जिंकणारी पॉलिसी कुठली, हे अहवालात प्रत्येक सेटिंगसमोर छापलेलं असतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुपपॉलिसी, ऑपरेशनल या वाटेने गेलात तर याहून बारीक तपशील मिळतो. तिथे ५३१२ क्रमांकाची नोंद लागू झालेल्या पॉलिसींची यादी देते, ५३१३ वगळलेल्यांची. कालची आणि आजची ५३१२ शेजारी ठेवून पाहिली की काय गळलं ते लगेच कळतं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार: दुसरा डीएनएस

तक्रार कधी येते, कधी जाते आणि मशीनही बदलत राहतं, असं असेल तर बाकी काही बघण्याआधी आयपीकॉन्फिग /ऑल चालवा आणि डीएनएस सर्व्हरची ओळ वाचा. पहिला पत्ता तुमच्या डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) किंवा राउटरचा दिसला, तर शोध बहुधा तिथेच संपतो.

दुसरा पत्ता ‘सर्व्हर बंद पडला तर निदान इंटरनेट चालावं’ या हेतूने टाकलेला असतो. हेतू चांगला आहे, पण विंडोज त्या यादीकडे तसं पाहत नाही. पहिल्या सर्व्हरने पटकन उत्तर दिलं नाही, साधारण सेकंदभर जरी उशीर झाला, तरी ते दुसऱ्याकडे वळतं आणि पुढे काही काळ त्याच्याकडेच विचारत राहतं. आता ऑफिस.लोकल नावाच्या तुमच्या डोमेनचा कंट्रोलर कुठे आहे, असं ८.८.८.८ला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो की असं नावच अस्तित्वात नाही. विंडोजच्या दृष्टीने हे पक्कं उत्तर आहे. ‘उत्तर आलं नाही’ असं असतं तर त्याने दुसरीकडे विचारलं असतं. ‘नाही’ असं उत्तर मिळाल्यावर ते थांबतं. इंटरनेट सुरळीत, ईमेल सुरळीत, त्यामुळे यूजरला काहीच जाणवत नाही. पॉलिसी मात्र त्या काळात येत नाही. थोड्या वेळाने मशीन पुन्हा पहिल्या सर्व्हरकडे वळतं आणि सगळं आपोआप बरं होतं. तुम्ही तिथे पोचून फोर्स मारलेला असतो, म्हणून वाटतं की त्यानेच काम झालं.

उपाय सरळ आहे, पण तो अर्धवट करू नका. डोमेनमधल्या कुठल्याही मशीनवर डोमेनच्या आतल्या डीएनएसखेरीज दुसरा पत्ता असता कामा नये. पर्याय हवा असेल तर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करा आणि त्याचा पत्ता द्या. बाहेरची नावं शोधण्यासाठी ८.८.८.८ किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस हवाच असतो, पण त्याची जागा सर्व्हरवरच्या डीएनएस कन्सोलमध्ये, फॉरवर्डर म्हणून, म्हणजे सर्व्हरला उत्तर माहीत नसेल तेव्हा त्याने विचारायचा पत्ता म्हणून. आणि हे करताना डोमेन कंट्रोलरचं स्वतःचं नेटवर्क कार्डही तपासा. तिथे बाहेरचा डीएनएस टाकून ठेवलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता पहिली नजर तिकडेच जाते.

पत्ते दुरुस्त केले आणि काही दिवसांत परत बिघडले, असं झालं तर ते वाटणारा कोणीतरी दुसरा आहे. इंटरनेट जोडणी बदलली की येणारा माणूस नवा राउटर लावून जातो आणि त्यावर डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) चालूच असतो. किंवा कॉन्फरन्स रूममध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावतो. मग एकाच नेटवर्कवर दोघे जण पत्ते वाटू लागतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं मशीन ऐकतं. आयपीकॉन्फिगमध्ये डीएचसीपी सर्व्हरची वेगळी ओळ असते. तिथे अनोळखी पत्ता असेल तर तो राउटर शोधून काढा. स्विच मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय) चालू करा, म्हणजे हा प्रकार पुन्हा होणार नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत डीएचसीपी सर्व्हर ‘ऑथराइज’ करण्याची सोय इथे उपयोगाची नाही, ती फक्त विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरला लगाम घालते.

याच घरातली आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही ब्रॉडबँड राउटर आयपीव्ही६वरून (नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरून) स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतात. विंडोज १० आणि ११ ती जाहिरात ऐकतात. आयपीव्ही४चे पत्ते अगदी बरोबर, पण यादीत एफई८०ने सुरू होणारा लांबलचक पत्ताही डीएनएस म्हणून बसलेला, असं दिसलं तर राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये ती जाहिरात बंद करा. प्रत्येक मशीनवर जाऊन आयपीव्ही६ बंद करत बसू नका. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला तसं न करण्याचाच आहे.

दुरुस्तीनंतर खात्री करायला दोन गोष्टी पुरतात. एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी: आणि पुढे डोमेनचं नाव दिलं की मशीनला कुठला कंट्रोलर सापडतो ते कळतं. मग रन विंडोमध्ये \\ऑफिस.लोकल\सिसव्हॉल असा, म्हणजे डोमेनच्या नावाने, पॉलिसीच्या फाइलींचा फोल्डर उघडून पाहा. सर्व्हरच्या नावाने किंवा आयपीने उघडून समाधान मानू नका. मशीन पॉलिसी आणायला डोमेनच्या नावानेच जातं, त्यामुळे तुमची चाचणीही त्याच दारातून व्हायला हवी.

सकाळी लागत नाही, दुपारी लागते

वीज गेली-आली की काय होतं पाहा. राउटर लगेच उठतो, मशीन त्यानंतर, आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी, कारण त्याला रेड कार्ड (डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड) आणि मेमरी तपासायला कितीतरी मिनिटं लागतात. महाराष्ट्रात शहराबाहेरच्या शाखांमध्ये, जिथे सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी थकलेली असते, तिथे हे नेहमीचं आहे. अशा सकाळी सिस्टीम लॉगमध्ये ११२९ क्रमांकाची नोंद सापडते: डोमेन कंट्रोलरपर्यंत नेटवर्क नाही. तिच्या आसपास बऱ्याचदा नेटलॉगॉनची (डोमेनशी जोडणी सांभाळणाऱ्या सेवेची) ५७१९ही असते. इथे काम सॉफ्टवेअरचं नाही. सर्व्हरसाठी स्वतंत्र यूपीएस द्या आणि लांब वीज गेली तर तो नीट बंद होईल अशी व्यवस्था करा.

पण वीज गेलेली नसतानाही रोज ११२९ येत असेल तर स्विचकडे बघा. मॅनेज्ड स्विचवर जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर ते तोडणारी सोय) चालू असेल, तर केबल जागी झाल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच डेटा जाऊ देतो. एसएसडी असलेलं आजचं मशीन त्या ३० सेकंदांत लॉगिनच्या पडद्यापर्यंत येऊन पोचतं. ज्या पोर्टला यूजरचं मशीन आहे तिथे पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (ही थांबण्याची पायरी वगळणारं सेटिंग) चालू करा. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर ते करू नका. सोबत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, लॉगॉन इथे ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगॉन’ हे सेटिंग चालू करा. ते नसेल तर विंडोज नेटवर्कची वाट न पाहता जुन्या माहितीवर लॉगिन करू देतं, आणि फोल्डर रीडायरेक्शन (यूजरचे फोल्डर सर्व्हरवर नेणं) किंवा सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनसारख्या पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या लॉगिनला लागतात. ‘दोनदा रीस्टार्ट केल्यावर होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. आपल्याकडे संध्याकाळी निघताना बोर्डावरचं मेन स्विच बंद करायची पद्धत आहे. ती योग्यच आहे, पण जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर रोज सकाळी त्याची तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली असते. ओळख पटत नाही, सिसव्हॉल उघडत नाही, आणि जीपीटी.आयएनआय ही पॉलिसीची फाइल वाचता आली नाही अशी १०५८ची नोंद पडते. पुढे डोमेनकडून वेळ दुरुस्त होते आणि दुपारी तुम्ही पोचेपर्यंत सगळं ठीक. तेवढा एक सेल बदला.

पॉलिसी मशीनची की माणसाची

नवं मशीन डोमेनला जोडलं की त्याचं खातं ‘कॉम्प्युटर्स’ नावाच्या कप्प्यात पडतं. तो ओयूसारखा दिसतो, पण ओयू नाही. त्याला पॉलिसी जोडता येत नाही. नव्या मशीनवर डोमेनची पॉलिसी लागते आणि विभागाची लागत नाही, याचं कारण बहुतेक हेच. रेडिरसीएमपी (redircmp) ही आज्ञा एकदा चालवून नव्या मशीनसाठी वेगळा ओयू ठरवून द्या. (मशीन डोमेनला जोडण्याचा पर्यायच दिसत नसेल तर विंडोजची आवृत्ती पाहा. होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, आणि दुकानातून घाईत आणलेले लॅपटॉप पुष्कळदा तीच घेऊन येतात.)

दुसरा गोंधळ त्याहून खोल आहे. पॉलिसीचा कॉम्प्युटरचा भाग मशीनचं खातं कुठे आहे त्यावर लागतो, यूजरचा भाग माणसाचं खातं कुठे आहे त्यावर. ‘काउंटर’ नावाच्या ओयूमध्ये फक्त मशीन ठेवली आणि त्याला डेस्कटॉप लॉक करणारी यूजर सेटिंग्ज जोडली, तर काहीही होणार नाही. अहवालातही ती पॉलिसी दिसेल, पण रिकामी म्हणून. काउंटरवर कोणीही बसलं तरी तेच नियम हवे असतील तर लूपबॅक प्रोसेसिंग (मशीनच्या जागेवरून यूजरचे नियम लावण्याची सोय) चालू करावं लागतं. ‘मर्ज’मध्ये माणसाच्या स्वतःच्या पॉलिसीही राहतात, ‘रिप्लेस’मध्ये फक्त मशीनच्या जागेवरच्या लागतात. काउंटर किंवा प्रशिक्षणाच्या खोलीसाठी मी रिप्लेसच सुचवेन. मर्जमध्ये काय कुठून आलं हे शोधताना दमछाक होते.

ग्रुपमध्ये मशीन घालून पॉलिसी लावत असाल तर मशीन रीस्टार्ट होईपर्यंत त्याला आपण ग्रुपमध्ये आल्याचं कळत नाही, कारण ते सदस्यत्व केर्बेरॉसच्या ओळखीच्या तिकिटात लिहिलेलं असतं आणि तिकीट जुनं असतं. आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ८ पासून पुढे ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे पूर्ण सुरुवात नसते, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून तसाच परत आणला जातो. यूजर शपथेवर सांगतो की मी रोज मशीन बंद करतो, आणि तो खरंच सांगत असतो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम पाहा, आठवड्यांचा आकडा दिसेल.

नाव नाकारलेल्या यादीत असेल तर

जून २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०७२ ही सुरक्षा दुरुस्ती आणली. तोवर यूजरची पॉलिसी यूजरच्या नावाने वाचली जायची, त्यानंतर ती मशीनच्या नावाने वाचली जाऊ लागली. सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (पॉलिसी कुणाला लागावी त्या यादीतून) ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ (डोमेनमधली ओळख पटलेली सगळी खाती) काढून फक्त ‘सेल्स’सारखा ग्रुप ठेवला असेल, तर मशीनला ती पॉलिसी वाचताच येत नाही आणि ती कुणालाच लागत नाही. इतकी वर्षं झाली तरी ही चूक नव्या पॉलिसींत होत राहते, कारण फिल्टरिंगच्या चौकटीत सगळं बरोबरच दिसतं. डेलिगेशन टॅबमध्ये जाऊन ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला फक्त रीड द्या, अप्लाय देऊ नका.

डब्ल्यूएमआय फिल्टर असेल तर एक लक्षात ठेवा: विंडोज ११ आतून स्वतःला १०.०च म्हणवते. ११ने सुरू होणारी आवृत्ती शोधणारा फिल्टर कुठेच बसणार नाही. दोन्हींत फरक करायचा तर बिल्ड क्रमांक बघा, विंडोज ११चा २२००० पासून पुढे असतो.

अर्ध्या ऑफिसला जुनी, अर्ध्याला नवी

पॉलिसीचे दोन भाग असतात. एक ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, दुसरा सिसव्हॉलच्या फोल्डरमध्ये, आणि दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जातात. सिसव्हॉलचा मार्ग अडला की ज्या मशीनला एक कंट्रोलर सापडतो त्यांना नवी पॉलिसी आणि बाकीच्यांना जुनीच मिळते. अहवालातलं कंट्रोलरचं नाव इथे कामी येतं: सगळ्या तक्रारी एकाच नावाखालच्या असतील तर वर्कस्टेशन सोडा आणि सर्व्हरकडे वळा. सर्व्हर २०१२ पासून ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट कन्सोलमध्ये डोमेनवर क्लिक केलं की स्टेटस टॅब आणि ‘डिटेक्ट नाउ’ बटण दिसतं. तेवढ्याने कुठला कंट्रोलर मागे आहे ते कळतं.

शाखेतला कंट्रोलर बराच काळ बंद किंवा लाइनपासून तुटलेला होता का, हे जरूर विचारा. डीएफएसआरला (सिसव्हॉल एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सेवेला) ६० दिवसांहून जास्त खंड पडला तर ते जुना डेटा पसरू नये म्हणून सिसव्हॉलची देवाणघेवाण स्वतःहून थांबवतं आणि ४०१२ क्रमांकाची नोंद ठेवतं. अचानक वीज जाऊन सर्व्हर बंद पडला असेल तर जुन्या सर्व्हरवर २२१३ दिसेल. त्या नोंदीतच पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिलेली असते. ती चालवण्याआधी सिसव्हॉलचा बॅकअप घ्या. ४०१२च्या बाबतीत कुठल्या कंट्रोलरवरची प्रत खरी, हे ठरवल्याशिवाय हात लावू नका.

उरलेली तीन

एकाच मशीनवर १०९६ची नोंद येत राहिली तर त्याची रजिस्ट्री.पोल ही पॉलिसीच्या सेटिंग्ज ठेवणारी फाइल खराब झालेली असते. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टीम३२, ग्रुपपॉलिसी, मशीन या फोल्डरमध्ये ती असते. ग्रुपपॉलिसी फोल्डर लपवलेला आहे. फाइलचं नाव बदला आणि आता, फक्त आता, जीपीअपडेट /फोर्स चालवा. नवी फाइल तयार होते.

ग्रुप पॉलिसीच्या प्रेफरन्सेस या भागातून इंटरनेट किंवा प्रॉक्सीची सेटिंग्ज लावली आणि ती जात नाहीत, तर त्या खिडकीतल्या ओळींचे रंग बघा. लाल तुटक रेघ म्हणजे ती किंमत लिहिलेली असली तरी पाठवली जाणार नाही. त्या चौकटीत कर्सर ठेवून एफ६ दाबा, रेघ हिरवी होते. सगळ्या एकदम हव्या असतील तर एफ५.

पासवर्ड किती लांब हवा, किती दिवसांनी बदलायचा हे नियम ओयूला जोडले तर ते फक्त त्या मशीनवरच्या लोकल खात्यांना लागतात. डोमेनच्या खात्यांसाठी ते डोमेनच्या पातळीवरच जोडावे लागतात. एखाद्या विभागाला वेगळे नियम हवे असतील तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी वापरा. सर्व्हर २००८ पासून ती आहे आणि ती ओयूला नव्हे, ग्रुपला लागते.